चोथा कुणाचा? जुन्नरच्या फळांचा दुसरा हिशेब

आळे (ता. जुन्नर) : पुणे-नाशिक महामार्ग आणि कल्याण-अहिल्यानगर रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा म्हणजे जुन्नर तालुक्याच्या शेतमालाचे नाकेच आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याच्या समाधीमुळे आळे हे गाव वारकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यानंतर बागायतदारांचा मुलूख अशी या परिसराची नवी ओळख झाली. टोमॅटो, कांदा, द्राक्षे, डाळिंब आणि आंबा येथून मुंबई-पुण्याकडे जातो. त्यातील काही माल मात्र कोठेच जात नाही. तो बांधावर, बाजाराच्या कडेला किंवा ओढ्याच्या काठी कुजतो.

या कुजणाऱ्या मालाकडे आणि फळप्रक्रिया कारखान्यांतून निघणाऱ्या साली, बिया व चोथ्याकडे आता संशोधक वेगळ्या नजरेने पाहत आहेत. टोमॅटोच्या सालीतील लायकोपीन, द्राक्षाच्या बियांतील तेल व टॅनिनवर्गीय द्रव्ये, डाळिंबाच्या सालीतील पॉलिफिनॉल, आंब्याच्या कोयीतील स्निग्धांश या साऱ्यांना औषध, सौंदर्यप्रसाधने आणि खाद्यउद्योगात मागणी आहे. ही द्रव्ये पर्यावरणाला धक्का न लावता वेगळी काढण्याच्या पद्धतीही उपलब्ध झाल्या आहेत. त्यामुळे ‘कचऱ्यातून सोने’ ही घोषणा शेतकरी मेळाव्यांतही ऐकू येऊ लागली आहे. घोषणेत तथ्य आहे. परंतु तिच्या पोटात दडलेले काही प्रश्न सुटल्याखेरीज जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याच्या पदरात त्यातले फारसे काही पडणार नाही. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही, मालकीचा आहे. चोथा कुणाचा, हा तो प्रश्न.

कचऱ्याच्या तीन जाती

‘वाया जाणारी फळे’ या एका शब्दप्रयोगाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, आणि तेथूनच गोंधळाला सुरुवात होते.

पहिली जात म्हणजे भाव पडल्यामुळे टाकून दिलेला चांगला माल. २०२३मध्ये याचे टोकाचे दर्शन घडले. त्या वर्षी उन्हाळ्यात राज्यातील टोमॅटो उत्पादकांवर तोडणीचा खर्चही न निघाल्याने माल रस्त्यावर ओतण्याची वेळ आली आणि जुलैमध्ये तोच टोमॅटो शहरांतील किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. दुसरी जात म्हणजे तोडणी, प्रतवारी, वाहतूक आणि साठवणुकीत होणारी नासाडी. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५मधील देशव्यापी पाहणीनुसार टोमॅटोची अशी हानी १२.४४ टक्के, तर पेरूची १५.८८ टक्के होती. तिसरी जात म्हणजे प्रक्रिया उद्योगातील अवशेष : रस किंवा गर काढल्यानंतर उरणारी साल, बी, कोय आणि चोथा.

उपयुक्त द्रव्ये काढण्याचे जवळजवळ सारे तंत्र या तिसऱ्या जातीसाठी विकसित झालेले आहे. कारखान्यातून बाहेर पडणारा चोथा एकाच ठिकाणी, एकाच प्रकारचा, रोज ठरावीक प्रमाणात मिळतो. त्यातील पाणी बऱ्याच अंशी आधीच पिळून निघालेले असते. याउलट बाजाराच्या कडेला पडलेला टोमॅटो हा मातीत मिसळलेला, अर्धवट कुजलेला आणि ९४ टक्के पाणी असलेला असतो.

जुन्नरमध्ये पहिल्या दोन जातींचा कचरा मुबलक आहे. तिसरा फार थोडा. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ राज्यात नावाजलेली आहे; पण तेथून निघणारे क्रेट मुख्यतः ताज्या भाजीच्या बाजाराकडे जातात. देशात पिकणाऱ्या टोमॅटोपैकी प्रक्रियेकडे जाणारा वाटा अत्यल्प आहे. टोमॅटोची साल वेगळी होते ती शहरातील घराघरांच्या स्वयंपाकघरात, किंबहुना तेथेही ती भाजीतच शिजते. तेव्हा प्रक्रिया उद्योग उभा राहिल्याशिवाय सालीतून लायकोपीन काढण्याच्या गप्पा म्हणजे बाजारात तुरी असा प्रकार होईल.

नारायणगावचा विसरलेला अनुभव

या भागाला फळप्रक्रियेचा अनुभव नाही असे मात्र नाही. भारतातील आधुनिक वाइन उद्योगाच्या आरंभीच्या पानांवर नारायणगावचे नाव आहे. शातो इंडाज या कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन बनवण्यास येथे सुरुवात केली आणि तिची ‘ओमर खय्याम’ ही वाइन परदेशातही गेली. पुढे २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. उद्योगाचा भर मात्र नाशिककडे सरकला. २०१०च्या आसपास ही कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि नारायणगावचे ते पर्व संपले.

वाइनसाठी द्राक्षे गाळल्यानंतर वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका चोथा उरतो. त्यात साल, बी आणि देठ असतात. युरोपातील वाइनउत्पादक प्रदेशांत या चोथ्यापासून मद्यार्क, बियांचे तेल, रंगद्रव्य आणि टॅनिन काढण्याचा स्वतंत्र जोडधंदा आहे. आपल्याकडे वाइनची चर्चा झाली ती करांची, परवान्यांची आणि दुकानातील विक्रीची. चोथा चर्चेत आला नाही.

तो चर्चेत आणण्याचे श्रेय पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला द्यावे लागेल. या केंद्राने विकसित केलेली ‘मांजरी मेडिका’ ही रसासाठीची द्राक्षजात आहे. तिच्या सालीप्रमाणे गरही रंगीत असतो आणि अँथोसायनिन या रंगद्रव्याचे प्रमाण त्यात भरपूर असते. रस काढून उरलेल्या चोथ्याची भुकटी बिस्किटांसारख्या पदार्थांत वापरणे, बियांतून तेल काढणे, असा फळाचा कोणताही भाग वाया न घालवण्याचा विचार या जातीसोबत मांडण्यात आला. लागवडीपूर्वीच चोथ्याचा विचार झाला, हे त्यातील वेगळेपण.

येथे जुन्नरच्या बागायतदाराने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. खाण्याच्या द्राक्षांच्या ज्या जाती तो निर्यातीसाठी घेतो, त्या बहुतांशी बिनबियांच्या आहेत. द्राक्षबियांच्या तेलाविषयी कितीही ऐकले, तरी ते तेल या घडांतून निघणार नाही. काळ्या द्राक्षांच्या सालीत रंगद्रव्ये जरूर आहेत. परंतु ती मिळवायची तर प्रतवारीत बाजूला पडलेल्या मण्यांचा रस काढणारा कुणीतरी आधी हवा.

हेक्झेनला पर्याय

वनस्पतीतील द्रव्ये वेगळी करण्याची रूढ पद्धत म्हणजे द्रावकात भिजवणे आणि नंतर द्रावक उडवून देणे. तेल आणि तेलात विरघळणाऱ्या रंगद्रव्यांसाठी हेक्झेन हा द्रावक जगभर वापरला जातो. तो पेट्रोलियमपासून मिळतो, सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळतो, झटकन पेट घेतो आणि दीर्घकाळ त्याच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या मज्जातंतूंना अपाय करतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे द्रव्य अशा द्रावकातून काढणे ही विसंगती होती. रसायनउद्योग मुळातच स्वच्छ कसा करता येईल, याची बारा तत्त्वे पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८मध्ये मांडली. नैसर्गिक द्रव्यांच्या निष्कर्षणासाठी तशीच सहा तत्त्वे फ्रान्समधील फरीद शेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये सुचवली. पुन्हा पिकवता येणारा कच्चा माल, पाणी किंवा शेतीजन्य द्रावक, कमी ऊर्जा आणि कचऱ्याऐवजी उपपदार्थ, हा त्यांचा गाभा.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे काम उपेक्षणीय नाही. मुंबईतील माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या ‘यूडीसीटी’त, प्रा. व्ही. जी. गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या शतकाच्या आरंभीच हायड्रोट्रोप नावाच्या क्षारांच्या पाण्यातील द्रावणाने काळ्या मिरीतून पाइपरीन आणि हळदीतून करक्युमिनवर्गीय द्रव्ये वेगळी करून दाखवली. एरवी पाण्यात न विरघळणारे द्रव्य या द्रावणात विरघळते आणि द्रावणात आणखी पाणी घातले की ते पुन्हा साक्याच्या रूपाने बाहेर पडते. ज्वालाग्राही द्रावकाचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. मात्र पातळ झालेले द्रावण पुन्हा घट्ट करण्यासाठी ऊर्जा लागते, हे गणित कारखान्याला मांडावेच लागते.

दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली हा वायू अशा अवस्थेत जातो, की तो वायूसारखा सालीच्या रंध्रांत शिरतो आणि द्रवासारखा स्निग्ध द्रव्ये विरघळवतो. दाब सोडला की तो उडून जातो आणि मागे द्रावकाचा लवलेश राहत नाही. कॉफीतून कॅफीन काढण्यासाठी हे तंत्र जगात अनेक दशके वापरात आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. ममता मुखोपाध्याय यांनी या विषयावर प्रदीर्घ संशोधन केले आणि २०००मध्ये त्यांचा नैसर्गिक अर्कांवरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. अडचण आहे ती भांडवलाची. एवढा दाब पेलणारी पात्रे महाग असतात. वर्षातील दोन-तीन महिने चालणाऱ्या टोमॅटोच्या हंगामावर ती पोसणे अशक्य आहे. मसाले, औषधी वनस्पती अशा वर्षभराच्या कच्च्या मालाबरोबरच ती परवडतात.

तिसरी वाट मद्यार्काची आहे आणि ती महाराष्ट्राला सर्वांत जवळची आहे. डाळिंबाची साल आणि द्राक्षाचा चोथा यांतील पॉलिफिनॉल पाणीमिश्रित मद्यार्कात चांगली उतरतात. लायकोपीनसाठी मद्यार्क तितकासा उपयोगी नाही. तेथे इथाइल अ‍ॅसिटेट हा सौम्य द्रावक चालतो. तो मद्यार्कापासून बनवता येतो आणि पुणे जिल्ह्यातील नीरा व रायगड जिल्ह्यातील महाड येथे त्याचे कारखाने आहेत. उसाच्या मळीपासून मद्यार्क, त्यापासून द्रावक आणि त्यातून टोमॅटोचे रंगद्रव्य, अशी साखळी एका राज्यात जुळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. विकरांनी सालीच्या पेशींच्या भिंती सैल करणे, श्राव्यातीत ध्वनिलहरी किंवा मायक्रोवेव्हच्या साह्याने वेळ व द्रावक वाचवणे, ही या पद्धतींना जोड आहे.

शंभर टनांचे गणित

तंत्र आहे, मग अडते कोठे? त्यासाठी शंभर टन टोमॅटोचा हिशेब मांडून पाहू.

पिकलेल्या टोमॅटोत किलोमागे ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम लायकोपीन असते. म्हणजे शंभर टनांत अवघे चार किलो. त्यातील मोठा भाग रस आणि गरात जातो, जो सॉस किंवा प्युरी म्हणून विकला जातो. चोथा निघतो तीन ते पाच टन. त्यात पाऊण हिस्सा पाणी. वाळवल्यानंतर उरतो सुमारे एक टन. सालीत लायकोपीनचे प्रमाण गरापेक्षा अधिक असले तरी शंभर टन फळामागे एक किलो शुद्ध द्रव्य हाती लागणे हीसुद्धा आशावादी अपेक्षा ठरेल. स्वतंत्र लायकोपीन कारखाना चालवायचा तर हजारो टन टोमॅटोवर आधी प्रक्रिया व्हायला हवी, हा याचा सरळ अर्थ.

आता ऊर्जेचे पाहू. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. कारखान्यातील चार टन चोथा वाळवायचा तर तीन टन पाणी उडवावे लागते. रस्त्यावर फेकलेले शंभर टन अख्खे टोमॅटो वाळवायचे तर ९४ टन. म्हणजे तीस पटीहून अधिक इंधन. ते कोळशाचे असेल, तर द्रावक कितीही निर्मळ असला तरी त्या उद्योगाला पर्यावरणस्नेही म्हणता येणार नाही. निष्कर्षणाच्या पद्धतीची चर्चा जेवढी होते, तेवढी वाळवणीची होत नाही. वास्तविक पर्यावरणाचा निकाल बऱ्याच अंशी तेथेच लागतो. शिवाय ओला चोथा एक-दोन दिवसांत आंबतो, त्यावर बुरशी धरते आणि मग त्यातील काहीच खाद्यउपयोगाचे राहत नाही.

या बाबतीत जुन्नर-आंबेगावला एक नैसर्गिक सोय आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने याच दोन तालुक्यांत आहेत आणि उसाचा गाळप हंगाम द्राक्षाच्या हंगामाशी मिळताजुळता आहे. बगॅसवर निर्माण होणाऱ्या वाफेचा वापर द्राक्षचोथा वाळवण्यासाठी करता येईल का, याचा अभ्यास व्हायला हरकत नाही. टोमॅटोची गोष्ट वेगळी. त्याचा मोठा हंगाम उन्हाळा आणि पावसाळ्यात येतो. तेव्हा धुराडी थंडावलेली असतात. एप्रिल-मेमध्ये सौर वाळवणी यंत्रे काम देतील. जुलैच्या पावसात नाही. एकच यंत्र सर्व फळांना आणि सर्व ऋतूंना पुरेल, असे सांगणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

सालीत आणखी काय असते?

या व्यवसायातील सर्वांत नाजूक बाब म्हणजे कीडनाशकांचे अंश. फवारणी सालीवर बसते. फळ धुऊन, सोलून खाणाऱ्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. परंतु साल हाच ज्याचा कच्चा माल आहे, त्या उद्योगात द्रावक उपयुक्त द्रव्याबरोबर हे अंशही ओढून घेतो आणि अर्क घट्ट करताना तेही घट्ट होतात. आरोग्यासाठी म्हणून घेतलेल्या गोळीत असे अंश सापडले, तर एका मालाबरोबर साऱ्या परिसराचे नाव खराब होते.

द्राक्ष बागायतदारांना याचा चटका बसलेला आहे. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि निर्यातदारांसह शेतकऱ्यांनाही मोठा फटका बसला. त्या धड्यानंतर अंशतपासणी अधिक काटेकोर झाली. त्याआधीच, २००६मध्ये, ‘अपेडा’ने ग्रेपनेट ही संगणकीय नोंदपद्धती सुरू केली होती. तीत निर्यातक्षम द्राक्षाच्या प्रत्येक बागेची नोंद होते आणि पेटीवरून बाग शोधता येते. डाळिंबासाठीही पुढे अशीच अनारनेट ही व्यवस्था आली.

जुन्नरच्या हातात असलेले हे सर्वांत मोलाचे भांडवल आहे. ज्या फळाचा माग बागेपर्यंत लागतो, त्याच्या सालीचाही लागतो. निर्यातीच्या प्रतवारीत केवळ आकार किंवा रंगामुळे बाजूला पडलेला, पण तपासणी झालेल्या बागेतील माल आणि बाजाराच्या कडेला गोळा केलेला अनोळखी माल यांची किंमत औषधउद्योगाच्या लेखी एक असू शकत नाही. नोंदवही हीच येथे यंत्राइतकी महत्त्वाची आहे. टोमॅटो उत्पादकांत मात्र ही शिस्त अजून द्राक्षाइतकी रुजलेली नाही.

बाजार आणि बढाई

मागणीच्या बाजूनेही भाबडेपणा उपयोगाचा नाही. लायकोपीन केवळ टोमॅटोतून मिळते असे नाही. ते कृत्रिमरीत्या तयार होते आणि ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीपासूनही मिळवले जाते. नैसर्गिक म्हणून थोडा अधिक भाव मिळेल, परंतु स्पर्धा कारखान्यात बनणाऱ्या द्रव्याशीच आहे.

आरोग्यविषयक दाव्यांचेही तसेच. लायकोपीनमुळे कर्करोग टळतो हा दावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५मध्ये पुराव्याअभावी मान्य केला नाही. त्याउलट टोमॅटोतील पाण्यात विरघळणाऱ्या एका अर्काबाबत, तो रक्तातील बिंबिका एकत्र चिकटण्याची क्रिया मंदावतो, हा मर्यादित दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९मध्ये ग्राह्य धरला. फरक होता तो माणसांवर केलेल्या काटेकोर चाचण्यांचा. अर्क विकणाऱ्याला अशा चाचण्या परवडतात. चोथा विकणाऱ्याला नाही. म्हणूनच दोघांच्या नफ्यात एवढी तफावत असते.

कमी झगमगाटाची, पण अधिक खात्रीची उदाहरणे आहेत. चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय पाच टक्क्यांपर्यंत वापरता येतील अशा सहा वनस्पतिजन्य स्निग्धांची यादी युरोपीय संघाने २०००मध्ये केली, तीत आंब्याच्या कोयीचे आणि कोकमाचे तेल आहे. डाळिंबाच्या फळात सालीचा वाटा वजनाने निम्म्याच्या आसपास जातो. तिचा उपयोग आयुर्वेदाला आणि कापड रंगवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. येथे नवा ग्राहक शोधावा लागत नाही, माल स्वच्छ आणि सातत्याने पुरवावा लागतो.

उसाने शिकवलेला धडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार ग्राहक टोमॅटोसाठी मोजत असलेल्या रुपयातील सुमारे ३३ पैसे आणि द्राक्षासाठीच्या रुपयातील सुमारे ३५ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कारखान्याला किलोवर टोमॅटो विकला, की सालीवरचा हक्क त्याच काट्यावर संपतो. पुढे त्या सालीतून कितीही मौल्यवान द्रव्य निघो, शेतकऱ्याच्या रुपयात त्याची भर पडत नाही. उलट, रुपया मोठा होतो आणि त्यातील शेतकऱ्याचा वाटा लहान.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. उसाच्या बाबतीत मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नात उत्पादकाचा हिस्सा किती, यावर अनेक वर्षे संघर्ष झाला. डॉ. सी. रंगराजन समितीने २०१२मध्ये साखर व प्राथमिक उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के वाटा उसाला द्यावा, अशी शिफारस केली आणि महाराष्ट्राने २०१३मध्ये ऊसदराचा कायदा करून उत्पन्नवाटपाचे हे तत्त्व स्वीकारले. अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील. परंतु उपपदार्थ हा पिकाचाच भाग आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य झाली. ती मान्य व्हायला मात्र साखर कारखानदारीची कित्येक दशके जावी लागली. फळांच्या बाबतीत उद्योग उभा राहत असतानाच हे ठरवण्याची संधी आहे.

त्याचा मार्ग उत्पादकांच्या कंपन्यांतून जातो. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ने द्राक्षनिर्यातीबरोबर टोमॅटो प्रक्रियेतही पाय रोवले आहेत. शेतकऱ्यांच्याच कंपनीत फळ गाळले गेले, तर चोथ्याची मालकी आपोआप त्यांच्याकडे राहते. केंद्र सरकारने २०२०मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पुणे जिल्ह्यासाठी टोमॅटो हेच उत्पादन निश्चित करण्यात आले आणि वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. दहा लाखांत निष्कर्षणाचा कारखाना होत नाही. गाळणी, धुलाई आणि वाळवणीची सोय मात्र होऊ शकते, आणि जुन्नरची खरी उणीव तीच आहे.

पायऱ्यांचा क्रम

आळेफाट्यासारख्या ठिकाणी पहिल्याच दिवशी अर्क काढणारे यंत्र उभारण्याचा हट्ट धरू नये. पहिली पायरी प्रतवारीत बाजूला पडणाऱ्या मालाची नोंद आणि वजन. दुसरी, तो कुजण्यापूर्वी रस-गर काढणे. तिसरी, चोथा चोवीस तासांच्या आत वाळवून, तपासणीच्या दाखल्यासह साठवणे. वाळलेला, नोंद असलेला चोथा वर्षभर टिकतो, पुण्या-मुंबईच्या अर्क उद्योगाला विकता येतो आणि हंगामाचे ओझे यंत्रावर पडत नाही. त्या उद्योगाशी होणाऱ्या करारात चोथ्याची किंमत स्वतंत्र ओळीवर लिहिलेली असावी आणि तीत अर्काच्या उत्पन्नाचा काही वाटा बांधलेला असावा. हे झाल्यानंतर प्रत्यक्ष निष्कर्षणाची चौथी पायरी.

अर्क काढल्यानंतर जे उरते त्यालाही क्रम आहे. टोमॅटोच्या बियांत प्रथिने व तेल असते. त्याचा चोथा जनावरांना खाद्य म्हणून चालतो आणि हा परिसर दुधाचाही आहे. द्राक्षाचा चोथा टॅनिनमुळे पचायला जड, म्हणून बेतानेच द्यावा लागतो. द्रावक वापरलेला चोथा तपासल्याशिवाय गोठ्यात नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर जैववायू आणि शेवटी खत. हा क्रम उलटा झाला, म्हणजे सारेच थेट खड्ड्यात गेले, तर खत तेवढे मिळते. आणि धुलाईचे पाणी तसेच सोडले, तर ज्या कुकडीने हा मुलूख हिरवा केला तिच्याच पात्रात आपण नवा कचरा ओतू.

भाव कोसळल्यावर टाकल्या जाणाऱ्या मालाचे उत्तर मात्र या साऱ्यात शोधू नये. त्या दिवशी येणारा लोंढा कोणताही चोथा उद्योग पेलणार नाही. त्यासाठी लागवडीचे नियोजन, साठवण आणि नियमित प्रक्रियेची मागणी हेच उपाय आहेत. २०१८-१९च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाट्यासाठी ५०० कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर झाली, त्यानंतरही २०२३चे चित्र टळले नाही. द्रव्यनिष्कर्षणाला संकटमोचकाची भूमिका दिली, तर पहिल्याच मंदीत त्याची बदनामी होईल.

जोडधंदा म्हणून त्याचे मोल निराळे आहे. नियमित प्रक्रियेला थोडे अधिक उत्पन्न, वाया जाणाऱ्या सालीला ग्राहक आणि ओढ्याकाठच्या दुर्गंधीतून सुटका, एवढे साधले तरी ते कमी नाही. नारायणगावच्या वाइनच्या काळात चोथ्याचा हिशेब कुणी मागितला नाही. मांजरीच्या संशोधकांनी तो प्रश्न आता द्राक्षाच्या जातीपाशीच उपस्थित केला आहे. बाजार समितीच्या काट्यावर फळाचे वजन रोज होते. चोथ्याचे वजन कुणाच्या नावावर मांडायचे, हे जुन्नरच्या उत्पादकांनी पहिला करार करण्यापूर्वीच ठरवून घ्यायला हवे.